प्रतिकृती पाणबुडीतील गळती

प्रतिकृती पाणबुडीतील गळती म्हणजे रेडिओ-नियंत्रित मॉडेल पाणबुडीच्या जलरोधक भागात बाहेरचे पाणी शिरणे किंवा त्या भागातील हवा बाहेर निसटणे होय. अशा पाणबुडीत रेडिओग्राही, मोटर, सर्वो आणि बॅटरी ही पाण्याने निकामी होणारी साधने पाण्याखालीच काम करीत असतात. पृष्ठभागावर चालणाऱ्या प्रतिकृती जहाजात थोडे पाणी साचले तरी ते तरंगत राहते. बुडी मारलेल्या पाणबुडीकडे मात्र तरंगण्याची राखीव शक्ती जवळजवळ नसते. त्यामुळे दोन-चार चमचे पाणीही तिला तळाला नेण्यास पुरेसे ठरते.

गळतीचा शोध हा या छंदातील सर्वांत वेळखाऊ भाग मानला जातो. पाणी जेथे साचलेले दिसते तेथूनच ते आत आलेले असते असे नाही, आणि स्थिर अवस्थेत घट्ट असलेला जोड यंत्र चालू होताच गळू शकतो. म्हणून पाण्यात उतरवण्यापूर्वी कोरड्या अवस्थेत चाचणी घेणे, एका वेळी एकच जोड तपासणे आणि खुद्द चाचणीच्या साधनाचीही खात्री करून घेणे, या तीन गोष्टींवर शोधाची पद्धत आधारलेली असते.

रचना

प्रतिकृती पाणबुड्या स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. कोरड्या कवचाच्या पाणबुडीत संपूर्ण बाह्य कवच जलरोधक असते. ओल्या कवचाच्या पाणबुडीत बाह्य कवच केवळ आकारापुरते असून त्यात पाणी मोकळेपणाने खेळते. सर्व विद्युत साधने आतील एका जलरोधक नळकांड्यात बसवलेली असतात. हे नळकांडे बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक नळीचे असते व त्याच्या दोन्ही टोकांना ओ-रिंग बसवलेली झाकणे असतात. जोडांची लांबी कमी आणि आतील भाग डोळ्यांना दिसणारा असल्यामुळे दुसऱ्या प्रकारात गळती शोधणे तुलनेने सोपे जाते.

बुडी मारण्यासाठी बॅलास्ट टाकीत पाणी घेतले जाते. टाकी भरण्या-रिकामी करण्यासाठी दट्ट्या, पंप किंवा द्रवरूप वायूचा डबा वापरतात. रेडिओलहरी पाण्यात लवकर क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याखाली फार थोड्या अंतरापर्यंतच पोहोचत असल्याने पाणबुडीसाठी २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतांना प्राधान्य दिले जाते. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. या कमी वारंवारतांना लांब ॲन्टेना लागते. ती नळकांड्याबाहेर काढल्यास तिच्यासाठी पाडलेले छिद्र ही गळतीची आणखी एक जागा ठरते.

गळतीमागील भौतिक कारणे

पाणी आत ढकलले जाते ते आतील व बाहेरील दाबांतील फरकामुळे. हा फरक केवळ खोलीमुळेच निर्माण होतो असा समज प्रचलित असला तरी त्याची कारणे अनेक आहेत.

खोली: गोड्या पाण्यात दर मीटर खोलीमागे दाब सुमारे ९.८ किलोपास्कलने, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळजवळ एक दशांशाने वाढतो. प्रतिकृती पाणबुड्या साधारणतः एक ते तीन मीटर खोलीपर्यंत चालवल्या जातात. एवढ्या दाबाने चांगली नळी फुटत नाही, परंतु १० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर एक मीटर खोलीवर सुमारे ८ किलोग्रॅम वजनाइतका भार पडतो. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून याच खोलीवर सुरुवातीला मिनिटाला सुमारे ३० मिलिलिटर पाणी आत येते. छिद्र एकच असेल तर आतील हवा दाबली जाऊन दाब समान झाल्यावर प्रवाह थांबतो. दोन लिटर हवेच्या नळकांड्यात ही मर्यादा सुमारे १७५ मिलिलिटर आहे. पण तोपर्यंत पाणबुडी जड होऊन खोल गेलेली असते आणि वाढलेल्या खोलीमुळे आणखी पाणी शिरते.

तापमान: उन्हात तापलेले नळकांडे पाण्यात उतरताच आतील हवा आकुंचन पावते. आतील हवा ४५ अंश सेल्सिअसवरून २५ अंशांवर आली तर दाब सुमारे ६.४ किलोपास्कलने घटतो. म्हणजेच पाणबुडी पृष्ठभागावर तरंगत असतानाच तिच्या जोडांवर ६५ सेंटिमीटर खोलीइतका ताण येतो.

बॅलास्ट टाकी: दट्ट्याच्या टाकीची मागील बाजू नळकांड्यातच उघडत असल्यास टाकी भरताना आतील हवा दाबली जाते. आत दोन लिटर हवा असताना टाकीत ३०० मिलिलिटर पाणी घेतले तर आतील दाब सुमारे १८ किलोपास्कलने वाढतो. हा दाब १.८ मीटर खोलीवरील पाण्याच्या दाबाइतका असल्याने त्याहून उथळ पाण्यात गळक्या जोडातून पाणी आत न येता हवाच बाहेर जाते. नंतर वर येण्यासाठी टाकी रिकामी केली की आत उरलेली कमी हवा पूर्वीच्या जागेत पसरते व ओढ निर्माण होते. हवा पुरेशी निसटली असल्यास ही ओढ दीड मीटर खोलीइतकी असू शकते. त्यामुळे बुडी मारताना बुडबुडे दिसणे आणि पृष्ठभागावर आल्यानंतर पाणी शिरणे, ही वरकरणी विसंगत वाटणारी लक्षणे एकाच गळतीची असतात.

उंची: समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी बंद केलेले नळकांडे सखल भागात आणल्यास त्याच्या आत बाहेरच्यापेक्षा कमी दाबाची हवा असते.

गळतीच्या नेहमीच्या जागा

• शाफ्टचे सील: मोटरचा शाफ्ट झाकणातून बाहेर पडतो तेथे ऑइल सील, ओ-रिंग किंवा ग्रीस भरलेली नळी असते. फिरणारा भाग असल्याने झीज येथेच सर्वाधिक होते.

• पुशरॉड: सुकाणू व बुडीपंख हलवणारे दांडे रबरी घडीच्या बाहीतून किंवा लहान ओ-रिंगमधून बाहेर येतात. बाहीच्या घडीत सूक्ष्म चीर पडली तर ती दांडा एका टोकाला गेल्यावरच उघडते.

• झाकणाचे जोड: ओ-रिंगवर अडकलेला केस, वाळूचा कण किंवा कापसाचा धागा गळतीस पुरेसा असतो.

• तारा: अनेक पदरी तारेच्या आवरणाखालून पाणी केशाकर्षणाने सरकत जाते. बाहेरचे टोक भिजलेले असल्यास पाणी सीलला वळसा घालून तारेच्या आतून नळकांड्यात उतरते.

• बॅलास्टच्या नळ्या व झडपा: या नळ्या नळकांड्याच्या आत असूनही त्यांच्यातून बाहेरचे पाणी वाहते. तेथील सैल जोड बाहेरून तपासूनही सापडत नाही.

• आरपार स्क्रू, चार्जिंगचे बूच व स्विच.

• थरमुद्रित भाग: त्रिमितीय मुद्रणाने बनवलेल्या भागात थरांमधील फटी राहतात. भाग अखंड दिसत असला तरी पाणी या फटींतून झिरपते.

गळती आणि गळतीचा भास

नळकांड्याच्या आत ओलावा दिसला म्हणजे गळती झाली असे लगेच मानले जात नाही. दमट हवेत बंद केलेले नळकांडे थंड पाण्यात उतरले की आतील बाष्प भिंतींवर साकळते. ३२ अंश सेल्सिअस तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या दोन लिटर हवेत सुमारे ०.०६ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक थेंब पाणी असते. त्यामुळे काचेवर आल्यासारखे धुके किंवा बारीक दव हे हवेतील बाष्प असू शकते. तळाशी वाहणारे पाणी मात्र गळतीचेच असते. आत ओलसर स्पंज किंवा फोम ठेवला असल्यास हा हिशेब लागू पडत नाही.

दुसरा भास पाण्याच्या घनतेमुळे होतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. खाऱ्या पाण्यात तोललेली चार किलोग्रॅमची पाणबुडी गोड्या पाण्यात आणल्यास ती सुमारे १०० ग्रॅमने जड ठरते आणि आत थेंबही न शिरता बुडते. म्हणून जागा बदलल्यावर पाणबुडी बुडू लागली तर प्रथम तिचे तोलन तपासतात.

यासाठी सर्वांत साधे साधन म्हणजे वजनकाटा. पाण्यात उतरवण्यापूर्वी आणि बाहेर काढून पुसल्यानंतर केवळ नळकांड्याचे वजन केल्यास आत किती पाणी शिरले ते ग्रॅममध्ये समजते. पाणी पारदर्शक, तर आतील रचना दाटीवाटीची असल्याने डोळ्यांना न दिसणारे पाणीही अशा रीतीने लक्षात येते.

गळतीचा शोध

निर्वात चाचणी

नळकांड्यातील थोडी हवा ओढून घेऊन आतील कमी दाब टिकतो का हे पाहणे, ही मूलभूत चाचणी होय. पाण्याचा दाब बाहेरून आत असतो आणि या चाचणीतही हवेचा दाब त्याच दिशेने पडतो. ऑइल सीलची पाकळी एका दिशेचा दाब आला की शाफ्टवर अधिक घट्ट बसते व उलट दिशेने सैल होते. त्यामुळे चाचणीची दिशा महत्त्वाची ठरते.

साधने साधी असतात. ६० मिलिलिटरची इंजेक्शनची सिरिंज, एकदिशा झडप, टी-जोड आणि रंगीत पाणी भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी एवढ्यावर काम भागते. आत दोन लिटर हवा असल्यास सिरिंजच्या एका ओढीने दाब सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका उतरतो. साधारण चार ओढींत एक मीटरहून अधिक फरक मिळतो. यू नळीतील दोन्ही पातळ्यांवर खूण करून नळकांडे अर्धा तास सावलीत ठेवतात.

आतील हवा एका अंशाने तापली वा थंड झाली तरी पातळीत सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून हात लावणे, ऊन किंवा पंख्याचा वारा टाळला जातो. पातळी थोडी सरकून स्थिरावली तर कारण तापमान असण्याची शक्यता असते. ती सतत एकाच दिशेने सरकत राहिली तर गळती निश्चित मानतात.

चाचणी तीन अवस्थांत घेतात: सर्व स्थिर असताना, मोटर व सर्वो चालवत असताना, आणि बॅलास्टची झडप उघडी व बंद अशा दोन्ही स्थितींत. केवळ पहिल्या अवस्थेत उत्तीर्ण झालेली पाणबुडी पाण्यात गळल्याचा अनुभव सामान्य आहे. शाफ्ट वाकडा असल्यास तो फिरताना सीलला एका बाजूने ढकलतो व फट पडते, आणि ही फट स्थिर चाचणीत दिसत नाही.

चाचणीची चाचणी

दाब टिकला याचा अर्थ नळकांडे घट्ट आहे, किंवा मापकापर्यंत दाब पोहोचतच नाही, यांपैकी काहीही असू शकतो. नळी मुडपली असेल किंवा तिच्या तोंडाशी ग्रीसचा गोळा अडकला असेल तर पातळी हलत नाही. म्हणून शेवटी एखादे बूच मुद्दाम किंचित सैल करून पातळी खाली येते का ते पाहतात. ती न आल्यास आधीची संपूर्ण चाचणी रद्द समजली जाते.

दाब चाचणी

निर्वात चाचणीने गळती आहे की नाही ते कळते. ती नेमकी कोठे आहे हे शोधण्यासाठी आत किंचित जास्त दाब दिला जातो. पंक्चर काढणारा सायकलची ट्यूब पाण्यात फिरवून बुडबुडे शोधतो, तीच ही पद्धत. नळकांडे पाण्यात धरून प्रत्येक जोड वर येईल असे फिरवतात. कवचावर नैसर्गिकरीत्या चिकटलेले बुडबुडे प्रथम ओल्या बोटाने पुसून काढतात. त्यानंतर ठरावीक अंतराने एकाच जागेवरून सुटणारे बुडबुडे गळतीचे असतात. पाण्यात बुडवणे शक्य नसेल तर जोडावर साबणाचा दाट फेस लावतात.

दाब एक ते दीड मीटर पाण्याच्या स्तंभापेक्षा अधिक दिला जात नाही. सायकलचा पंप काही क्षणांत याच्या कितीतरी पट दाब निर्माण करतो आणि झाकण वेगाने उडून इजा होऊ शकते. ॲक्रिलिक नळी तडकल्यास तिचे धारदार तुकडे उडतात. त्यामुळे ही चाचणीही सिरिंजनेच केली जाते.

खूण चाचणी

काही गळत्या केवळ बाहेरून पाण्याचा दाब आल्यावरच दिसतात. अशा वेळी सर्व विद्युत साधने काढून घेतली जातात. प्रत्येक जोडाच्या आतील बाजूस टिश्यू पेपरची पट्टी चिकटवतात किंवा खडूची पूड लावतात. नळकांड्याला वजन बांधून ते पाण्याच्या हौदात दोरीने तळापर्यंत सोडले जाते. वेळ थोडा ठेवून ही कृती पुन्हा पुन्हा करतात: प्रथम एक मिनिट, मग तीन, मग दहा. पहिल्यांदा भिजलेली पट्टी प्रवेशाची जागा दाखवते. एकदम अर्धा तास बुडवून ठेवल्यास सर्वच पट्ट्या भिजतात आणि चाचणी निरुपयोगी ठरते.

वगळण्याची पद्धत

वरील उपायांनी जागा न सापडल्यास एकेक मार्ग बंद केला जातो. शाफ्ट काढून त्याच्या जागी ओ-रिंगसह भरीव बूच बसवतात व निर्वात चाचणी पुन्हा घेतात. गळती थांबली तर दोष शाफ्टच्या सीलचा. न थांबल्यास पुढील पुशरॉड. एका वेळी दोन जोड बदलले तर गळती थांबूनही कारण कळत नाही, आणि तेच कारण पुढे पुन्हा उद्भवते.

दुरुस्ती

गळतीच्या जागेवर बाहेरून सीलंट थापणे ही दुरुस्ती मानली जात नाही. त्याने जोड पुन्हा उघडणे अवघड होते व मूळ दोष झाकला जातो. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतो. बंद नळकांड्यात ते तांब्याच्या तारा व विद्युत मंडले गंजवते.

ओ-रिंग: स्थिर जोडात ओ-रिंग तिच्या जाडीच्या साधारण १५ ते २५ टक्के दाबली जावी अशी खाच असते. तीन मिलिमीटर जाडीच्या रिंगसाठी सुमारे २.४ मिलिमीटर जागा योग्य ठरते. रिंग चपटी झाली असल्यास ती बदलतात. खाच टोकदार हत्याराने खरवडून साफ करीत नाहीत, कारण खाचेतील ओरखडा हीच नवी गळती होते. त्याऐवजी लाकडी काडी व धागे न सोडणारे कापड वापरतात.

वंगण: ओ-रिंगवर वंगणाचा केवळ चमक येण्याइतका थर पुरतो. नायट्राइल रबरासाठी सिलिकॉन ग्रीस योग्य असते. सिलिकॉन रबराची रिंग मात्र सिलिकॉन ग्रीसने फुगते. नैसर्गिक रबराच्या बाह्या पेट्रोलियम जेलीने मऊ पडून फाटतात.

शाफ्ट: ऑइल सीलच्या पाकळीखाली शाफ्टवर चकचकीत कंकणाकृती खाच पडली असल्यास नुसते सील बदलून उपयोग होत नाही. सील काही मिलिमीटर पुढेमागे सरकवतात किंवा शाफ्ट बदलतात. शाफ्ट सपाट काचेवर लोटून त्याचा वाकडेपणा तपासता येतो. सील कोरडे फिरल्यास काही मिनिटांतच जळते, म्हणून मोटरची कोरडी चाचणी अल्पकाळच घेतात.

तारा: झाकणातून जाणाऱ्या तारेचे आवरण थोड्या लांबीपर्यंत सोलून तेथे पदरांमध्ये कथील पूर्ण भिनवतात व तो भाग इपॉक्सीमध्ये गाडतात. यामुळे तारेच्या आतील पाण्याची वाट तुटते.

नळी व झाकण: ॲक्रिलिकमधील सूक्ष्म तडा इपॉक्सीने भरला तरी तो पुढे वाढत जातो, अशी नळी बदलणेच योग्य असते. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून वापरले जाणारे रासायनिक द्रव पॉलिकार्बोनेट व ॲक्रिलिकला तडे पाडतात. त्यामुळे प्लास्टिकमधील स्क्रूंना ते लावले जात नाही. थरमुद्रित भागांना आतून-बाहेरून पातळ इपॉक्सीचे थर देतात. इपॉक्सी पुट्टी कायम न उघडणाऱ्या जोडांवरच वापरतात आणि तीही पृष्ठभाग खरखरीत करून व तेलकटपणा काढून.

प्रत्येक दुरुस्तीनंतर निर्वात चाचणी पहिल्यापासून घेतली जाते. चाचणीचा दिनांक, सुरुवातीची व शेवटची पातळी आणि बदललेला भाग यांची नोंदवही ठेवल्यास सीलची झीज गळती सुरू होण्याआधीच ध्यानात येते. दर महिन्याला अर्ध्या तासातील घट थोडी थोडी वाढत असेल तर कोणते तरी सील उतरणीला लागल्याचे ते लक्षण असते.

गळतीसूचक व बचाव

नळकांड्याच्या तळाशी दोन उघड्या तारा जवळजवळ बसवल्यास त्यांच्यामध्ये पाणी येताच विद्युत मार्ग पूर्ण होतो. हा संकेत एका लहान मंडलाकडे जाऊन बॅलास्ट टाकी आपोआप रिकामी केली जाते व पाणबुडी वर येते. पाणबुडी पुढे किंवा मागे कलल्यावर आतील पाणी एका टोकाला धावत असल्याने सूचक दोन्ही टोकांना बसवणे आवश्यक असते. हे धावणारे पाणी कल आणखी वाढवते. त्यामुळे चालवताना पाणबुडीचे नाक कारण नसताना वर-खाली होऊ लागणे हे आत पाणी शिरल्याचे पहिले दृश्य लक्षण समजले जाते.

रेडिओ संपर्क तुटल्यासही बॅलास्ट आपोआप रिकामी होईल अशी सोय केली जाते. नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त केलेल्या पाणबुडीला पहिल्या काही बुड्यांच्या वेळी पातळ दोरी व तरंगता बुचा बांधतात.

पाणी शिरल्यानंतर

आत पाणी शिरलेली पाणबुडी बाहेर काढल्यावर प्रथम बॅटरी तोडली जाते. खाऱ्या पाण्यात बॅटरीच्या टोकांमध्ये विद्युत विघटन होऊन हायड्रोजन व क्लोरीन वायू तयार होऊ शकतात. बंद नळकांड्यात ते साठल्यास झाकण उघडताना धोका संभवतो, म्हणून झाकण चेहऱ्यापासून दूर व मोकळ्या हवेत उघडतात. भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज केली जात नाही. ती घराबाहेर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून निकालात काढली जाते. कोणतीही बॅटरी बंद नळकांड्यात चार्ज करणे टाळतात.

विद्युत मंडले खाऱ्या पाण्यात भिजली असल्यास स्वच्छ गोड्या पाण्याने, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सावलीत पूर्ण वाळवतात. हे अल्कोहोल ॲक्रिलिकवर पडू दिले जात नाही, कारण ताणाखालील ॲक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. गळतीची जागा शोधण्यासाठी, पुसून काढण्यापूर्वीच पाण्याच्या ओघळांचे व चिखलाच्या रेघांचे छायाचित्र घेणे उपयुक्त ठरते. वाळलेल्या खाऱ्या पाण्याची पांढरी रेघ अनेकदा थेट प्रवेशाच्या जागेपर्यंत नेते.

कोकण व सह्याद्रीतील परिस्थिती

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुके आणि कशेडी घाटाचा परिसर येथे वर्षभरात हवामानाचा मोठा फरक अनुभवास येतो. येथील परिस्थितीत वर सांगितलेल्या कारणांपैकी बहुतेक सर्व एकाच मार्गावर आढळू शकतात.

सावित्री नदी महाबळेश्वर येथे उगम पावून पोलादपूर व महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे बंद केलेले नळकांडे आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरवल्यास बाहेरचा दाब आतल्यापेक्षा सुमारे १४ किलोपास्कलने अधिक होतो. पाण्याला स्पर्श होण्यापूर्वीच जोडांवर जवळजवळ दीड मीटर खोलीइतका ताण आलेला असतो. घाटातील प्रवासानंतर नळकांड्याचे लहान बूच उघडून दाब समान करणे व ते पुन्हा लावणे हा यावरील उपाय होय. हाच उपाय उन्हात तापलेल्या नळकांड्यालाही लागू पडतो: पाणबुडी प्रथम पाण्यात थंड होऊ देऊन, बूच पाण्याबाहेर राहील अशा स्थितीत उघडून पुन्हा बंद करतात.

पावसाळ्यात नद्यांचे पाणी गढूळ व वेगवान असते. काही सेंटिमीटर खोलीवरील वस्तूही दिसत नसल्याने आणि पूर अचानक येत असल्याने या काळात नदीत पाणबुडी चालवणे असुरक्षित ठरते. गाळाचे बारीक कण शाफ्टच्या सीलमध्ये शिरून त्याची झीजही वाढवतात. पावसाळ्यातील दमट हवेत बंद केलेल्या नळकांड्यात दव धरते. त्यासाठी आत सिलिका जेलची पुडी ठेवतात. चाचण्यांसाठी घराजवळचा सिमेंटचा हौद किंवा पाण्याची टाकी पुरेशी असते. एक मीटर खोल पाण्यातही नेहमीच्या वापरातील बहुतेक गळत्या उघड होतात. सावित्रीच्या खालच्या टप्प्यात खाडीचे खारे पाणी मिसळत असल्याने तेथे तोलन बदलते आणि धातूचे भाग लवकर गंजतात.

मोठ्या रचनांतील समांतर उदाहरणे

१ जून १९३९ रोजी ब्रिटनच्या लिव्हरपूल उपसागरात ‘थेटिस’ ही नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडून ९९ जण मृत्युमुखी पडले. टॉर्पेडो नळीत पाणी आहे की नाही हे पाहण्यासाठी असलेल्या तपासणी तोटीचे बारीक छिद्र रंगाने बुजलेले होते. तोटीतून पाणी आले नाही म्हणून नळी कोरडी समजून तिचे आतील दार उघडले गेले, आणि नळीचे बाहेरील झाकण उघडेच असल्याने समुद्राचे पाणी आत घुसले. दोष दाखवणारे साधनच निकामी असू शकते, हे या दुर्घटनेतून दिसून आले.

१० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी १२९ जणांसह बुडाली. समुद्राचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या झाळलेल्या जोडातील बिघाड हे तिचे संभाव्य कारण मानले गेले. त्यानंतर अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांच्या जलरोधक भागांतील प्रत्येक जोडाची तपासणी व नोंद सक्तीची करणारा ‘सबसेफ’ हा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात पाणबुड्यांची बांधणी मुंबईच्या माझगाव गोदीत होते. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘आयएनएस शल्की’ तेथून ७ फेब्रुवारी १९९२ रोजी, तर स्कॉर्पीन बनावटीची ‘आयएनएस कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली.

पाणी बाहेर ठेवण्याचा प्रश्न बोगद्यांनाही भेडसावतो. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गावरील कशेडी घाटाला पर्याय म्हणून जुळे बोगदे खोदण्यात आले. त्यांपैकी एक २०२३ च्या गणेशोत्सवापूर्वी हलक्या वाहनांसाठी खुला झाला. नंतरच्या पावसाळ्यात बोगद्यात पाणी झिरपू लागले व ते रोखण्यासाठी ग्राउटिंग करण्यात आले. कातळाच्या सांध्यांतून वाहत आलेले पाणी अस्तरातील सर्वांत दुबळ्या जागी बाहेर पडते. एक जागा बुजवली की ते दुसरी वाट शोधते. प्रतिकृती पाणबुडीत तारेच्या आवरणाखालून सरकत जाणारे पाणी आणि बोगद्याच्या छतातून ठिबकणारे पाणी यांच्या प्रमाणात प्रचंड फरक असला, तरी दोन्हीकडे दिसणारा थेंब हा वाटेचा शेवट असतो आणि शोध तिच्या आरंभाचा घ्यावा लागतो.

हेही पहा

• पाणबुडी
• आर्किमिडीजचे तत्त्व
• बॅलास्ट टाकी
• ओ-रिंग
• सावित्री नदी
• कशेडी घाट